टायर बसतानाचा आवाज
अमेरिकेतल्या मोआबच्या लाल कड्यावरून टोबिन सायकलसकट कोसळला त्याला अकरा आठवडे झाले. डोळे उघडे, पण ओळख कुणाचीच नाही. आज वेंडेलनं लेकाच्या डोंगरी सायकलचं पुढचं चाक घरात त्याच्या खाटेजवळ आणलं. ट्यूब काढली, रिमला पट्टी चिकटवली, टायरात भोकं बुजवणारं पांढरं दूध ओतलं. “गालिच्यावर सांडलं तर पुसणार कोण?” बायको करवादली. “सांडू दे. पोरगं उठून शिव्या तरी घालेल.” ट्यूबलेस टायर हवेच्या जोरानं रिमवर बसताना बंदुकीसारखा वाजतो. त्या आवाजाला टोबिन हमखास शीळ घालायचा. आता त्याच आवाजानं बाप पोराला माघारी बोलावणार होता. वेंडेल श्वास रोखून पंप दाबत राहिला. ठाक्! बायको दचकली, शेजारचं कुत्रं भुंकलं. टोबिनची पापणीसुद्धा लवली नाही. पंपाच्या मुठीवरची वेंडेलची बोटं बायकोनं एकेक करून सोडवली. “ऊठ. मागचं चाक राहिलंय अजून.”