मुळ्याची फोड

जपानमधल्या अकिता प्रांतातल्या त्या गावात दुपारच्या चहाला प्रत्येक बाई आपल्या हातचं मुळ्याचं लोणचं घेऊन यायची आणि फोड थेट दुसरीच्या तळहातावर ठेवायची. रक्तदाब वाढला तशी तोयोआजींनी तळहात पुढे करणं बंद केलं.

"माझ्या मुळ्यात काय विष कालवलंय का गं?" त्यांच्यातली सुए फणकारली. मग चहाचं बस्तान हळूहळू तोयोआजींकडून सुएच्या घरी हललं. तोयोआजींना कुणी येऊ नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही.

वर्षभरानं गावच्या सभागृहात आरोग्यसेविकेनं त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "आजींचा रक्तदाब बघा, तरुण पोरीसारखा! आजी, मीठ कसं सोडलंत ते सांगा ना यांना."

समोर सुए बसली होती, शेजारी बाकीच्या सगळ्या. किती दिवसांनी या साऱ्याजणी त्यांच्याकडे बघत होत्या. तोयोआजींनी घसा खाकरला.

"कसलं सोडतेय? चोरून खाते मी. बरणी काठोकाठ भरलीय. उद्या चहाला या, तुम्हीच खाऊन बघा."

एकच हशा पिकला. सेविकेनं कपाळाला हात लावला.

"तरीच म्हटलं!" सुए ओरडली. "येतो गं, सगळ्या येतो."

सभागृहातून तोयोआजी थेट घरी गेल्याच नाहीत. बस पकडून त्या पलीकडच्या गावात गेल्या, तिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. दुकानातून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विकतचं लोणचं घेतलं. घरातली बरणी वर्षभर धुऊन पालथी पडली होती.