बावीस तासांचा दिवस

“साहेब, शीलाबाईंचा दिवस किती तासांचा होता?” वकील कल्पिता यांनी विचारलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात अण्णा उभे होते. “चोवीस. सगळ्यांचा असतो तेवढाच.”

“मग तुमच्या तक्त्याची बेरीज बावीस कशी येते?”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. ठाण्याच्या कोर्टात अण्णा तीस वर्षं अर्थतज्ज्ञ म्हणून साक्ष देत होते. त्यांच्यावर कोणी हसलेलं ऋजुताने आजच पाहिलं. तिने मान खाली घातली. अण्णांच्या फर्ममध्ये अहवालातला आकडा न् आकडा तपासणं हे तिचंच काम होतं.

शीला कळव्याची. ट्रकने उडवलं आणि जागीच गेली. नवऱ्याने भरपाई मागितली, तेव्हा तिच्या घरकामाचं मोल ठरवायची वेळ आली. ते होईल तितकं कमी दाखवायला विमा कंपनीने अण्णांना नेमलं होतं. कंपन्या काही धर्मादाय नसतात. ऋजुता कळव्याला जाऊन शीलाचा दिनक्रम तिच्या नवऱ्याकडून, सुदेशकडून, लिहून घेऊन आली. अहवाल दाखल करायच्या सकाळी अण्णांनी त्यातले कामाचे दोन तास छाटले आणि ते विश्रांतीत मिळवायला विसरले.

न्यायाधीशांनी अहवाल बाजूला सारला. आता दुसरी कंपनी अण्णांना बोलावेल याची खात्री उरली नव्हती.

कोर्टाबाहेरच्या कँटीनमध्ये अण्णांनी चहा मागवला, पण कपाला हात लावला नाही.

“सॉरी, अण्णा,” ऋजुता म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. डोंबिवलीत ती नोकरीसाठी दारोदार फिरत असताना याच माणसाने तिला कामाला घेतलं होतं, बोट धरून सगळं शिकवलं होतं.

“तू कशाला सॉरी म्हणतेस? तास मी छाटले. तुझ्या नजरेतून सुटलं, इतकंच.”

“पण अण्णा...”

“ऐक. बेरीज चुकल्याची लाज दोन दिवसांत जाईल. त्या बाईच्या कष्टाला कात्री लावली, ती नाही जायची. कंपनीला पत्र मी लिहितो. तुझं नाव त्यात येणार नाही.”

ऋजुताचे डोळे भरून आले. तिला वर बघवेना.

तेवढ्यात लेकीचा, सान्वीचा, हात धरून सुदेश टेबलापाशी आला. आता चार शब्द ऐकून घ्यावे लागणार, हे ओळखून अण्णा उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“सुदेशराव, माफ करा.”

सुदेशने त्यांना गडबडून नमस्कार केला. मग तो ऋजुताकडे वळला.

“ताई, तुमचे उपकार कसे फेडू? परवा तुमचा फोन आलेला म्हणून निभावलं. ते दोन तास आमच्या वकिलीणबाईंच्या पण लक्षात आले नव्हते.”