शिक्षक रुजू होत आहेत

"दर अधिवेशनाला तोच प्रश्न! आमदारांना दुसरी शाळा सापडत नाही का?" मंत्रालयातल्या शिक्षण विभागात शेजारच्या टेबलावरून काकडे कुरकुरले.

शिक्षण उपकर वसूल होतो, तरी तांबेवाडीच्या शाळेत गणिताचा शिक्षक नाही, हे खरे आहे काय? आमदारांच्या या प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा इंदुताईंना करायचा होता. त्यांनी जुनी उत्तरं काढली. तीन वर्षं मजकूर तोच, तारीख तेवढी नवी: हे खरे नाही, शिक्षक रुजू होत आहेत. यंदाही तसंच गेलं, की पद भरलं असं समजून शाळेची मागणी कायमची निकाली.

त्यांनी शाळेत फोन लावला. मुख्याध्यापक हसले. "बाई, त्या मास्तरांची वाट बघत सातवीची पोरं दहावीला बसली."

उपसचिवांच्या दालनात इंदुताईंनी हे सांगितलं, तसे सगळे पंख्याकडे बघू लागले. "'अंशतः खरे आहे' लिहा की, ताई," काकड्यांनी सुचवलं.

"अंशतः म्हणजे? अर्धा मास्तर आलाय?"

"मग मंत्र्यांनी सभागृहात सांगायचं काय?" उपसचिव वैतागले.

इंदुताईंनी मसुदा त्यांच्यासमोर सरकवला. "तेच लिहिलंय, साहेब. तिथे शिक्षक नाही. आणि तीन वर्षं आपण खोटं बोलतोय."