चोरीचं आढं

तांग तांदळाच्या दारूचा बुधला घेऊन जिना चढून वर आला, तेव्हाच म्हातारा पाओ चपापला. ज्याला चोरी करायचीय तो दिवसाउजेडी भेटवस्तू घेऊन कशाला येईल?

"काका, एक विचारायचं होतं," तांग म्हणाला.

"काही विचारू नकोस," पाओ घाईघाईनं म्हणाला. "बस. दारू पी."

सज्जातल्या बाकावरून समोरच्या उतारावरचं तांगचं घर दिसत होतं. खांब उभे होते, तुळया बसल्या होत्या. छपराच्या माथ्यावरचं आढं तेवढं बाकी होतं. गावात आता जो तो विटा-सिमेंटचं बांधतो. खाली गुरं, वर माणसं असं खांबांवरचं लाकडी घर बांधायला घेतलं ते या एकट्या पोरानं, आणि तोही लहानपणापासून कारखान्यांच्या शहरात वाढलेला. पाओला मूलबाळ नव्हतं. आपल्यामागं आपलं घर पडणार, हे त्यानं केव्हाच मनाशी धरलं होतं. पण रानात त्याच्या बापानं लावलेला सरळसोट देवदार होता, आणि तो कुणाच्या तरी घराच्या माथ्यावर चढावा, एवढी एकच हाव त्याला उरली होती.

आढं मात्र दुसऱ्याच्या रानातून चोरूनच आणायचं, अशी गावची रीत. मागून आणलेलं घराला लाभत नाही. सकाळी मालकानं तुटल्या बुंध्यापाशी उभं राहून गावभर ऐकू जातील अशा शिव्या घालायच्या. जेवढ्या जास्त शिव्या, तेवढी त्या घराची भरभराट. पाओनं शिव्या पाठ करून ठेवल्या होत्या.

"मिस्त्री म्हणतो, तुमचा देवदार चोरून आण," तांग हसत म्हणाला. "मी म्हटलं, छे! आपल्याच माणसाकडं चोरी? त्यापेक्षा सरळ विचारतो. द्याल का, काका?"

आत माशाचं आंबट सार ढवळणारा न्यांगचा, म्हणजे पाओच्या बायकोचा, हात थांबला. हो म्हटलं की झाड दिल्यासारखं होणार, आणि दिलेलं झाड आढ्याला चालणार नाही.

"नाही!" पाओ ओरडला. "मुळीच देणार नाही. माझ्या बापाचं झाड आहे ते."

"बरं काका, राहू दे..."

"अरे, ऐक तरी! देणार नाही म्हणजे नाही. आणि हल्ली मला झोप अशी लागते, की उशाशी ढोल वाजवलास तरी जाग यायची नाही."

"कुत्रा पण बहिणीकडं पाठवलाय मी," आतून न्यांग म्हणाली. "भुंकायला कुणी नाही."

"रानातली वाट मी कालच साफ केलीय. पण झाड मागू नकोस!"

तांग पार ओशाळला. "चुकलं माझं. उगाच तुमचा जीव दुखावला," असं म्हणून बुधला तिथंच ठेवून तो खाली उतरला.

"कळलं असेल का गं त्याला?" पाओनं विचारलं.

"न कळायला काय झालं? कुत्र्याचंसुद्धा सांगितलं की मी."

उजाडताच पाओ ठेवणीतला निळा सदरा घालून, शिव्या तोंडात घोळवत रानाकडं निघाला. वळणावरूनच त्याला देवदाराचा शेंडा दिसला. तरी तो जवळ गेला. कुऱ्हाडीची एखादी खूण तरी असेल म्हणून त्यानं बुंध्याभोवती हात फिरवला. सालीला ओरखडाही नव्हता. त्याला रडू आलं.

खालच्या रस्त्यावर तांग टेम्पोतून आढ्यासाठी वखारीतलं रंधा मारलेलं लाकूड उतरवून घेत होता. पाओ दिसताच त्यानं हात उंच करून हाक मारली.

"काका, घोर लावून घेऊ नका! मिस्त्री कुऱ्हाड घेऊन निघालाच होता, मीच अडवला. मी आहे तोवर तुमच्या झाडाला कुणी हात लावणार नाही!"

पाओनं तोंड उघडलं. शिव्या सगळ्या आठवत होत्या, पण घालायच्या कशाबद्दल?

"सुखी राहा, बाबा," तो एवढंच म्हणाला.