अभनपूरचा आकडा

बाबांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं आणि त्यांना आयसीयूत ठेवलं. वय, किडनी, बीपी असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून डॉक्टरांनी रुचिताला बाजूला घेतलं. “दीदी, बचने के चान्स तीस परसेंट समझिए.”

रुचिता कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दशांश चिन्ह चुकलं तरी मुलांचे मार्क कापते. बाहेर बाकावर बसलेल्या आईनं विचारलं, “काय म्हणे वं डॉक्टर?”

“वाचायचे सत्तर टक्के चान्स आहेत, आई.” मरणाच्या बाजूचे सत्तर तिनं जगण्याच्या बाजूला टाकले.

आईनं भिलाईला रुचिताच्या भावाला, यशदीपला फोन लावला आणि पोरगा घाबरू नये म्हणून नव्वद सांगितले. यशदीपनं आत्याला कळवलं. आत्याचं काळीज आधीच कमजोर, त्यात बाबा तिचे एकुलते एक भाऊ. तासाभरात अभनपूरहून आत्याचाच रुचिताला फोन आला.

“काहून रडून राहिली वं पोट्टे? भाऊ घरी येते म्हणजे येते! डॉक्टरनंच शंभर टक्के सांगतलं न!”

हा आकडा कोणत्या कारखान्यातून निघाला, हे रुचिताइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आत्याला खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तिनं डोळे पुसले, घसा साफ केला.

 

“आत्या,” तिनं विचारलं, “नक्की शंभरच म्हणाले ना डॉक्टर?”