पिशव्यांचा बाक

"एकच दिवस आहे. एकही राइड सोडायची नाही. पिशव्या मी सांभाळते," असं दोन वर्षांपूर्वी याच वॉटर पार्कात दिगंबरच्या बायकोनं बजावलं होतं. तो आणि लेक रेवती दिवसभर पळत होते. ती घसरगुंडीमागच्या बाकावर बसून होती. परतताना बसमध्ये म्हणाली, "मला तिथून सगळं दिसत होतं. अहो, तुम्ही वरून हात केलात ना, केवढी हसले मी!"

मार्चमध्ये ती गेली. तो एक दिवस तरी आपण तिला सुखाचा दिला, एवढंच दिगंबर स्वतःला सांगत आला होता.

आज रेवतीच्या हट्टापायी तो पुन्हा आला. तिच्या चपला, टॉवेल, डबा घेऊन त्याच बाकावर बसला आणि त्यानं मान वर केली. समोर पंपघराची भिंत होती. बाजूला संडासाची रांग. घसरगुंडी दिसत नव्हती, पाळणा दिसत नव्हता, नुसत्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. मग उभा राहिला. कुठूनच काही दिसेना.

दुपारभर तो त्या भिंतीकडे बघत बसला. तीही अशीच बसली असणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

रेवती ओलीचिंब धावत आली. "बाबा, मी वरून हात केला! दिसले का मी?"

त्यानं टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला.

"दिसलीस की! केवढा हसलो मी."