वेल्क्रोच्या चपला

अण्णांनी परीक्षेसाठी इस्त्रीचा शर्ट काढला आणि क्षिप्राचा पारा चढला.

"परीक्षा त्या पोरांची आहे. तुम्ही नटून कुठे निघालात?"

"मी नसलो तर पोरं ऐकणार काय? कपाळ?"

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले तिचे वडील दरवर्षी मेडिकल कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षेला 'केस' म्हणून जात. पलंगावर बसायचं, शर्ट वर करायचा आणि विद्यार्थ्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून आजार ओळखायचा. अण्णांची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती. डॉक्टरांचे शब्द ऐकून ऐकून त्यांना पाठ झाले होते. शिट्टी वाजली तर व्हीझ, घोरल्यासारखं वाजलं तर राँकाय. त्यांचे स्वतःचे मात्र क्रॅकल्स. दीर्घ श्वास घेतला की वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा आवाज यायचा.

"आधी नखं बघतात," ते कौतुकाने सांगत. "ही बघ, पोपटाच्या चोचीसारखी. हुशार पोरगं तिथेच अर्धं ओळखतं."

"आणि ढ?"

"त्याच्यासाठी हे." अण्णांनी वाकून चपलेची पट्टी उघडली. खर्रर्र. "परीक्षकाला वाटतं, म्हातारा चप्पल नीट करतोय."

क्षिप्रा हसली नाही. "माणसाचं प्रदर्शन मांडतात नुसतं. एक दिवस मी येऊन तोंडावर सांगणार आहे त्यांना."

"सांग की. पण आधी इकडे ये, तुझी छाती ऐकतो." एका विद्यार्थ्याने दिलेला जुना स्टेथोस्कोप घेऊन ते सगळ्यांच्या मागे लागत. शेजारच्या सरोजमावशींनाही त्यांनी सोडलं नव्हतं.

"मला वेळ नाहीये, अण्णा. पेपर तपासायचेत शाळेचे."

"आणि नखांना हा रंग कधीपासून? तुला तर आवडायचा नाही."

"शाळेत सगळ्याच लावतात."

संध्याकाळी ती त्यांना आणायला गेली. खोपट भागातल्या त्यांच्या राहत्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर क्षिप्राने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून फोन बघत राहिली.

"माझ्यासाठी थांबू नकोस गं," मागून येणारे अण्णा धापा टाकत म्हणाले. मग हसले. "एकाला आज चपलेने तारलं."

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. त्याच आठवड्यात अण्णा गेले.

पुढच्या वर्षी परीक्षा जवळ आली तेव्हा कॉलेजातून फोन आला, अण्णांना आठवण करून द्यायला. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

"ते आता नाहीत," क्षिप्रा म्हणाली. "पण मी येणार आहे. मला बोलायचंय तुमच्याशी."

परीक्षेच्या सकाळी तिने अण्णांच्या चपला पिशवीत भरल्या. ते बघून सरोजमावशी दारात आडव्या आल्या.

"अगं बाई, चपला घेऊन कुठे? डॉक्टरांवर उगारणार आहेस काय?"

"बाजूला व्हा, मावशी. अण्णांना बोलले होते, तोंडावर सांगीन म्हणून. सांगूनच येणार."

"गेलेला माणूस परत येणार आहे का त्याने?"

"नाही. म्हणून गप्प बसू?"

कॉलेजात ती थेट विभागाच्या डॉक्टर रुचितांच्या खोलीत शिरली. दार बराच वेळ बंद होतं. उघडलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पार उतरला होता. क्षिप्राची मान मात्र ताठ होती.

"अजून विचार करा," डॉक्टर म्हणाल्या.

"वर्षभर तेच केलं."

थोड्या वेळाने वॉर्डात पहिला विद्यार्थी आला. पलंगाकडे नीट न बघताच त्याने पाठ केलेला प्रश्न विचारला. "नमस्कार. काय त्रास होतोय?"

पलंगावर बसलेल्या क्षिप्राने पायातल्या अण्णांच्या चपला जमिनीवर घट्ट रोवल्या. रंग पुसलेली, चोचीसारखी वळलेली नखं तिने त्याच्यासमोर धरली.

"माझ्या वडिलांना होता तोच," ती मोठ्याने म्हणाली.